६४ हजारांचं कपाट

आमच्या पडवीत एक काळं कपाट उभं आहे. उंचीला माझ्या छातीपर्यंत. दाराला काच, काचेमागे पाच जाळ्या, वर टचस्क्रीन. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी ते ६४ हजार रुपयांना घेतलं. सध्या त्यात आई कांदे ठेवते.

ते कपाट म्हणजे इलेक्ट्रिक स्मोकर. मासे धुरी देऊन टिकवायचं यंत्र. येणारा-जाणारा विचारतोच, ‘ह्यां काय?’ आई सांगते, ‘‘झिलान फ्रिज हाडल्यान, पण तो गरम निघालो.’’ लोक हसतात. मीही हसतो. मग कोणीतरी किंमत विचारतं आणि मी आत जातो.

हे यंत्र का घेतलं, ते आधी सांगायला हवं. कारण माझी निराशा नुसत्या यंत्राची असती, तर एक वाईट रिव्ह्यू टाकून मी मोकळा झालो असतो.

आमचं घर देवबागच्या बाजूला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीत. आई गेली वीसेक वर्षं सुकी मासळी करते. रापणीला बांगडा लागला की टोपलीभर घ्यायचा, पोट फाडून साफ करायचा, मीठ भरायचं, दाबून ठेवायचा आणि मग उन्हात. मे महिन्यात चाकरमानी मुंबईला परत निघाले की प्रत्येकाच्या पिशवीत खारे बांगडे, सुकट, गोलमा हे असतंच. ओळखीतली पंधरा-वीस घरं आईकडूनच घेतात. पावसाळ्याची बेगमी त्यांची, आणि त्या पैशांवर आमची.

२०२५च्या मे महिन्यात पाऊस विसाव्या तारखेच्या सुमारालाच सुरू झाला. आधी वळवाचा वाटला. पण २५ मेला हवामान खात्याने मान्सून तळकोकणात आल्याचं जाहीर केलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस दहा-बारा दिवस आधी दारात. आईचे तीसेक किलो बांगडे अर्धवट सुकलेले होते. ते तिने पडवीत घेतले, मग माजघरात, मग पंखा लावला. चौथ्या दिवशी मिठातून पाणी सुटलं, सहाव्या दिवशी अळ्या. सातव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते सगळे माडांच्या बुंध्यात पुरले. आई म्हणाली, ‘‘माडांक बरां.’’ तेवढंच.

मी तेव्हा घरूनच काम करत होतो. दुकानदारांच्या बिलिंगचं ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मी आहे. त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि जे आमच्यासारखी माणसं करतात तेच केलं. आईचं दुःख सर्च बॉक्समध्ये टाईप केलं.

मासे टिकवायला ऊन लागतंच असं नाही, हे वाचायला फार वेळ लागला नाही. धूर चालतो. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर ट्यूना उकडून, धुरी देऊन, वाळवून ‘मास’ करतात. तो दगडासारखा कडक होतो आणि महिनोन् महिने टिकतो. जपानचा कात्सुओबुशी त्याच घराण्यातला. आमच्याकडेही धूर नवा नाही. आजीच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असायची. सुके बांगडे, सोलं, बियाण्याच्या काकड्या सगळं तिथे. चुलीचा धूर दिवसातून दोनदा त्यातून जायचा, म्हणून कीड लागत नसे. मग गॅस आला, ताटी गेली.

धुराचं शास्त्रही मला आवडलं. लाकूड पेट न घेता धुमसलं की त्यातलं लिग्निन तुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल असली फिनॉल वर्गातली रसायनं निघतात. धुराचा वास, चव आणि जंतूंना आवर घालणं ही त्यांची कामं. शिवाय थोडी आम्लं निघतात, ती माशाच्या पृष्ठभागावर बसतात. मीठ, उष्णता, धूर आणि वाळणं अशा चार बाजूंनी माशाला वेढलं, की तो टिकतो. हे सगळं एका कपाटात, तापमान ठरवून, पावसाळ्यातही होतं, आणि मुख्य म्हणजे रात्री आई झोपलेली असताना होतं. जाहिरातीत एक गोरा माणूस मासे आत ठेवतो, मोबाईलवर बोट टेकवतो आणि हॅमॉकमध्ये झोपतो. मला त्या जागी आई दिसली.

३४ हजार मी भरले. बाकीचे ३० हजार आईने दिले. कुठून, ते मी विचारलं नाही. गोधडीखालच्या डब्यातले असतील, असं मी धरून चाललो.

यंत्र कुडाळहून टेम्पोने आलं. खोका इतका सुंदर, की आईने तो फाडू दिला नाही. अजून माळ्यावर आहे. ‘‘ह्यां काय, कपाट घेतलंस?’’ म्हणत ती आत डोकावली. मी दार उघडलं, लावलं, परत उघडलं. दाराचा खालचा कोपरा चौकटीला नीट टेकत नव्हता. फटीतून कागदाचा कपटा सहज आरपार जात होता. मला तेव्हाच दिसलं होतं. मी स्वतःला सांगितलं, गॅस्केट नवीन आहे, दबेल.

पहिली खेप मात्र झकास झाली. बारा बांगडे. मिठाच्या पाण्यात ठेवून, मग पंख्याखाली तासभर सुकवून त्यांच्यावर चिकट पापुद्रा येऊ दिला, कारण धूर त्या पापुद्र्यालाच धरतो. आंब्याच्या लाकडाचे कपटे घातले. पाच तासांनी दार उघडलं तेव्हा बांगडे पितळेच्या भांड्यासारखे झाले होते. आईने एक मोडला, वास घेतला, पेजेबरोबर खाल्ला. ‘‘आवशीच्या चुलीवरचो वास आसा,’’ ती म्हणाली. म्हणजे आजीच्या. माझे ६४ हजार त्या क्षणी वसूल झाले होते. लेख तिथेच संपला असता तर बरं होतं.

दोन-तीन खेपांनंतर पुण्या-मुंबईच्या ओळखीत फोटो गेले. ‘धुरातला बांगडा’ नाव मी दिलं. एफएसएसएआयची नोंदणी केली, व्हॅक्यूम पॅक करायचं लहान यंत्र घेतलं. अठरा पाकिटं विकली गेली. मिळालेल्या पैशांतून आई दर महिन्याला काहीतरी वेगळं काढून ठेवत होती, हे मी पाहिलं. कशासाठी, ते तेव्हाही विचारलं नाही.

मग पहिला स्क्रू गंजला.

दाराच्या बिजागरीचा. दिवाळीनंतर एका सकाळी त्याच्याखाली तपकिरी ओघळ दिसला. आठवड्याभरात सगळ्या स्क्रूंखाली. आत जाळ्यांच्या जोडांवर, जिथे वेल्डिंग होतं तिथे, बारीक लाल ठिपके. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘३०४ ग्रेड स्टेनलेस स्टील’. मी यूट्यूबवर पाहून लोहचुंबक लावला. चिकटला नाही. म्हणजे खरं स्टील, असं समजून मी खूश झालो.

ही समजूतही अर्धवट होती, हे नंतर कळलं. चुंबक चिकटला तर तो पत्रा बहुधा ४३० जातीचा, निकेल नसलेला. पण चिकटला नाही, म्हणून तो ३०४ ठरत नाही. स्वस्तातल्या २०२ जातीतही निकेल कमी करून मँगनीज घालतात आणि तिलाही चुंबक चिकटत नाही. शिवाय खरं ३०४ असलं, तरी समुद्रकाठी ते पुरेसं नसतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साईड होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीची साय धरते. मिठातलं क्लोराईड नेमकं त्या सायीला भोकं पाडतं. म्हणून बोटींच्या सामानाला ३१६ वापरतात, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. वेल्डिंगच्या जागी तर ती साय जळून गेलेली असते. आम्लाने साफ करून ती परत धरू द्यावी लागते. ते काम वेळखाऊ, म्हणून स्वस्तात बनवणारे ते गाळतात.

आणि हवा आमची. आपलं साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. देवबागला वर्षातल्या बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पत्र्यावर बसलेला मिठाचा कण इथे धड सुकतच नाही. त्यात आतून धुराचं आम्ल, माशाचं मीठ आणि चरबी. या यंत्राला जे जे मारू शकतं ते सगळं त्याच्या पोटात आणि पाठीवर होतं. स्मोकर बनवणाऱ्याला निदान पोटातलं तरी ठाऊक असायला हवं होतं.

होड्यांची कामं करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांना मी यंत्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने एक स्क्रू खरवडला आणि म्हणाले, ‘‘पत्रो स्टीलचो, स्क्रू लोखंडाचो, वरसून पांढरो मुलामो. ह्यांचा पटणा नाय. मीठ पयलो स्क्रू खाता, मगे पत्रो.’’ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गॅल्व्हॅनिक कोरोजनचा धडा होता. मोठा पत्रा आणि लहान स्क्रू, मध्ये खारं पाणी: लहानाने मोठ्यासाठी झिजायचं. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती. काकांनी ती बारावीही न करता काढली.

इथवरचं सगळं मी सोसलं असतं. स्क्रू बदलता येतात. मी ३१६चे मागवलेही. पण त्या निमित्ताने मी एक प्रोबवाला थर्मामीटर मागवला होता, ४५० रुपयांचा. आधी तो बर्फाच्या पाण्यात घातला: शून्य. उकळत्या पाण्यात: शंभराला अर्धा अंश कमी. म्हणजे थर्मामीटर बरोबर. मग तो यंत्रात मधल्या जाळीवर ठेवला.

स्क्रीनवर ८०. जाळीवर ६१. सगळ्यात खालच्या जाळीवर ५४.

यंत्राचा सेन्सर हीटरच्या अगदी जवळ, मागच्या भिंतीला बसवलेला होता. त्याला जे गरम लागत होतं ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. माशाला काय लागतंय, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. दाराच्या फटीतून जाणारी उष्णता वेगळीच. गॅस्केट दबली नव्हती.

बांगड्याच्या बाबतीत हा नुसता चवीचा प्रश्न नाही. गरम धुरी दिलेल्या माशाचं गाभ्याचं तापमान किमान ६३ अंशांवर निदान अर्धा तास राहिलं पाहिजे, असा अमेरिकेच्या अन्न खात्याचा नियम आहे. आणि बांगडा, ट्यूना, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा कोमट राहिला की जिवाणू त्याचा हिस्टामीन करतात. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या. ते हिस्टामीन एकदा तयार झालं की शिजवून, तळून, काही करून जात नाही. वासही नेहमी येतोच असं नाही.

अठरा पाकिटं.

मी त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन केला. बहुतेकांनी केव्हाच खाऊन संपवलं होतं, कोणालाही काही झालं नव्हतं. दोन पाकिटं फ्रीजरमध्ये होती, ती टाकून द्यायला सांगितली आणि पैसे परत केले. फोनवर सगळे छान बोलले. पण त्यातल्या एकाही घराने त्यानंतर धुरातला बांगडा मागवला नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही मागवला नसता.

आईला मी सांगितलं, की यंत्र थोडं कमी तापतं, आता जास्त आकडा लावू. ते अर्धं खरं होतं. स्क्रीनवर १०५ ठेवलं की मधल्या जाळीवर ८० येत होतं. सगळ्यात खालची जाळी रिकामी ठेवायची. प्रत्येक खेपेला प्रोब माशात खुपसायचा. झोपेत चालणारं यंत्र आता माझ्या पहाऱ्यावर चालू लागलं.

जानेवारीत एका रात्री मी पहारा सोडला. दुसऱ्या दिवशी कामाचं रिलीज होतं. बारा किलो बांगडे आत होते. ते देवगडच्या एका लग्नघरात पाहुण्यांना द्यायला हवे होते, आणि त्यामुळे आई आठवडाभर खुशीत होती. पहाटे साडेपाचला तिनेच मला उठवलं. ‘‘बाबू, मशीन थंड आसा.’’

ॲपमधली नोंद पाहिली. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी लाईट गेली होती. चार मिनिटांत आली. लाईट आल्यावर यंत्र सुरू झालं आणि ‘स्टँडबाय’ मध्ये गेलं. कोणीतरी ॲपमध्ये जाऊन ‘स्टार्ट’ दाबेपर्यंत ते तसंच थांबणार होतं. आधी काय चालू होतं, किती तास झाले होते, हे त्याला आठवत नव्हतं. फोनवर सूचनाही नाही, कारण लाईट आली तरी वायफाय राऊटर यंत्रानंतर मिनिटभराने चालू होतो आणि ‘मी थांबलोय’ हा निरोप यंत्राने एकदाच पाठवून पाहिला होता. न पोचला तर परत पाठवायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पावणेचार तास बारा किलो बांगडे कोमट कपाटात होते.

आई म्हणाली, ‘‘उनात घालतंय. मासो फुकट जावक नको.’’ मी नाही म्हणालो. ती म्हणाली, वास तर काही नाही. मी तिला हिस्टामीन समजावायला लागलो आणि मध्येच थांबलो. वीस वर्षं मासे हाताळलेल्या बाईला मी तिच्या नाकावर विश्वास ठेवू नकोस असं सांगत होतो, आणि ते सांगायची वेळ मीच आणलेल्या यंत्राने आणली होती. आम्ही परत माडाखाली खड्डा खणला. लग्नघरी मी फोन केला. आई तिथे नव्हती, विहिरीवर गेली होती.

पंधरा दिवसांनी यंत्र पूर्णच बंद पडलं. मागचं झाकण काढलं तेव्हा कारण दिसलं. हीटरच्या वायरचा जोड नुसता चिमटून बसवलेला, आणि तोही चरबी गळणाऱ्या तबकाच्या बरोबर खाली. हीटर १२०० वॅटचा, म्हणजे सव्वापाच अँपिअर. गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी तिथे तेरा-चौदा वॅट उष्णता निघत राहते, साध्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी. जोडाचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं. शेजारच्या सर्किट बोर्डवर हिरवी बुरशी धरावी तसा तांब्याचा गंज. बोर्डवर दमटपणा अडवणारं साधं लाखेसारखं लेपनही नव्हतं.

कंपनीच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर सगळं नीट पाहिलं. मुलगी चांगली होती. शेवटी तिने विचारलं, ‘‘सर, तुमचं घर समुद्रापासून किती लांब आहे?’’ मला वाटलं, तिला कौतुक आहे. मी म्हणालो, ‘‘दोनशे मीटर. या कधी.’’ तिने वॉरंटीचं चौदावं कलम वाचून दाखवलं. सागरी हवामान, क्षार आणि आर्द्रतेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

मासे धुरवायचं यंत्र, आणि ते मासे मिळतात तिथे वापरायचं नाही.

मालवणात गंजाबद्दल बोलणं आता सोपं राहिलेलं नाही. ४ डिसेंबर २०२३ला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याने आधीच कळवलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. त्या दिवसांत इथला प्रत्येक रिक्षावाला गंजावर बोलत होता, आणि राजकारणाचा भाग सोडला तर बरोबर बोलत होता. राजकोटवरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं, हे इथलं शाळेतलं पोरही सांगतं. तेव्हाच्या लोकांकडे क्लोराईडचं समीकरण नव्हतं. पण समुद्र इथेच राहणार आहे, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं. इथल्या लाकडी होड्यांनाही पूर्वी मोरीचं तेल चोपडत. वडील सांगायचे, होडी बांधायला जितके दिवस, तितकेच ती राखायला दरवर्षी.

मी रागाने कंपनीला मोठं ईमेल लिहायला घेतलं. त्यात एक वाक्य लिहिलं: ‘लाईट जाणं ही तुमच्यासाठी एज केस असेल, आमच्यासाठी तो मंगळवार आहे.’ वाक्य मला आवडलं. आणि मग काहीतरी आठवलं.

आमच्या बिलिंगच्या ॲपमध्ये बिल करता करता नेट गेलं, तर अर्धवट बिल पुसलं जातं. एका गावातल्या किराणा दुकानदाराने तक्रार केली होती. ते तिकीट माझ्याकडे आलं होतं. मी त्यावर लिहिलं होतं, ‘एज केस. प्राधान्य कमी.’ आणि बंद केलं होतं. त्या दुकानदाराच्या दुकानात किती वेळा नेट जातं, समोर गिऱ्हाईक उभं असताना त्याचं बिल कितीदा पुसलं गेलं असेल, हे मी विचारलं नव्हतं. माझ्या टेबलावरून जे दिसत नव्हतं ते मी ‘एज’ला टाकलं होतं. स्मोकर बनवणाऱ्यानेही सेन्सर त्याला सोयीच्या जागी लावला, मी माझा माझ्या. ते तिकीट मी परत उघडलं. अडीच दिवसांचं काम होतं. वर्षभर पडून होतं.

मार्चमध्ये बचत गटाच्या बायका घरी आल्या, हप्त्याच्या वहीवर सह्या घ्यायला. वहीत आईच्या नावापुढे ३० हजार रुपये कर्ज, तारीख सप्टेंबरची. कारणाच्या रकान्यात ‘व्यवसाय यंत्र’. सहा हप्ते भरलेले. पाकिटांच्या पैशातून ती काढून ठेवत होती ते हे. पाकिटं बंद झाल्यावर कुठून भरले, ते तिच्या रिकाम्या कानांवरून कळलं. कुडी गहाण होती. मला ते इतके दिवस दिसलं नव्हतं.

मी चिडलो. ‘‘माझ्याकडे मागायचे ना.’’

‘‘तू इतक्या खुशीत हाडत होतंस,’’ ती म्हणाली. ‘‘माजो पण हात लागूक होयो ना त्येका.’’

कुडी मी सोडवून आणली. पण ‘माझाही हात लागायला हवा’ म्हणून तिने काढलेलं कर्ज फेडून टाकतो म्हटलं, तर ती नको म्हणाली. उरलेले हप्ते अजून तीच भरते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार केली आहे. हे कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. दोन वर्षांच्या आत करायची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ऑनलाइन होते, वकील लागतोच असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी. मी थर्मामीटरचे फोटो, ॲपची नोंद, वितळलेला जोड आणि चौदावं कलम जोडलं आहे. निकाल यायचा आहे.

दरम्यान मागच्या अंगणात चिऱ्याची एक भट्टी उभी राहिली आहे. कल्पना घानाची. आक्राजवळच्या चोरकोर नावाच्या मच्छीमार वस्तीत १९७०च्या सुमाराला तिथल्या बायकांच्या साथीने एक भट्टी तयार झाली. खाली मातीचं जळण-घर, वर लाकडी चौकटींच्या जाळ्या एकावर एक, म्हणजे जाळ्यांचीच चिमणी होते. तिच्यात गंजायला फारसं काही नसतंच. आमच्याकडे मातीऐवजी चिरा. गवंडी, चिरे, सुताराच्या चौकटी मिळून नऊ हजार झाले. जळायला आंब्याचं लाकूड, धुराला नारळाची सोडणं. प्रोब माझा. पहिल्या दोन खेपा करपल्या. तिसरी बरी झाली. आता एकेक जुनं घर परत विचारू लागलंय.

पण ही भट्टी तिसऱ्या तासाला जाळ्यांची खाल-वर करायला सांगते. कोणीतरी जागं राहावं लागतं. मला आईला झोप द्यायची होती, ती काही या चिऱ्यांनी दिलेली नाही. खेप असते त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन अंगणात बसतो, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. प्रोबचा आकडा बघतो, कोड लिहितो, डोळे चोळतो. दोनच्या सुमाराला आई उठून येते. भट्टीवर हात धरून बघते, माझ्या थर्मामीटरकडे ढुंकूनही न पाहता एक सोडण काढते किंवा घालते.

‘‘जा, नीज जरा,’’ म्हणते. ‘‘मी आसंय हयसर.’’

मी उठत नाही. ती शेजारी बसते.